यावर माणूस चढणार आहे का?

नाटक चालू असताना मी पंचवीस मिनिटं सेटच्या एका फ्लॅटमागे उकिडवी बसून होते. रंगमंचापासून सहा फूट उंचीवर, नऊवारी नेसून, अडीच फूट रुंदीच्या फळीवर. खाली माझा मुलगा आणि सून वाड्याच्या वाटणीवरून भांडत होते, प्रेक्षक हसत होते, आणि माझ्या पोटरीवर डास बसला होता. त्याला मारायची सोय नव्हती. पुढचा फ्लॅट पातळ कापडाचा, मागून निळा दिवा. हात हलला की सावली हलणार. खाली उतरायचीही सोय नव्हती, कारण जिना एकच आणि तो प्रेक्षकांच्या अगदी नाकासमोर.

संहितेत असं होतं की म्हातारी रागारागाने माडीवर जाते आणि पुढच्या प्रवेशात स्वयंपाकघरातून भाकरीची ताटली घेऊन बाहेर येते. माडीवरून ती स्वयंपाकघरात पोचणार कशी, हा प्रश्न सेट उभा राहीपर्यंत कुणाला पडला नाही. मलाही नाही. प्रयोगाच्या दिवशी मेकअप चालू असताना दिग्दर्शकाने तोडगा काढला, "मॅडम, तुम्ही वरच थांबा. पुढची एन्ट्री वरूनच घेऊ." मग ताटली संध्याकाळी पाचलाच वर नेऊन ठेवली. साडेआठला मी ती उचलली तेव्हा भाकरीला मुंग्या लागल्या होत्या आणि आमच्या वाड्याचं स्वयंपाकघर कायमचं माडीवर गेलं होतं.

मी जालन्याची. बदनापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते आणि दिवाळी झाली की स्पर्धेच्या नाटकात काम करते. सव्वीस वर्षं झाली. तिशीत आई झाले, चाळिशीत सासू, आता आजी. नायिका कधी झाले नाही, त्याचा राग नाही. राग आहे तो आमच्या हौशी नाटकांतल्या नेपथ्याचा. ते दरवर्षी जास्त देखणं होत चाललंय आणि दरवर्षी त्यात वावरणं जास्त अवघड होत चाललंय. सेट ठरतो तो सातव्या रांगेतल्या खुर्चीतून कसा दिसेल यावर. त्यावर दीड-दोन तास जी माणसं चालणार, बसणार, रडणार, पळणार, त्यांच्या पायांना कुणी विचारत नाही.

त्या वाड्याचीच गोष्ट सांगते. नेपथ्यकार तरुण होता, शिकलेला, अदबीने बोलणारा. त्याने मोबाइलवर सेटचं चित्र दाखवलं. डावीकडून वर चढत जाणारा जिना, वर माडी, माडीला कमानी, मागे संध्याकाळ. आम्ही सगळ्यांनी वा म्हटलं. मीही म्हटलं. त्या चित्रात जिन्यावर एक करड्या रंगाचा माणूसही होता, उंचीचा अंदाज यावा म्हणून ठेवलेला. त्याला चेहरा नव्हता, गुडघे नव्हते, आणि अर्थातच त्याला ओचा सांभाळायचा नव्हता.

जिन्याच्या पायऱ्या आठ. प्रत्येकीची उंची नऊ इंच, खोली सात इंच. हे आकडे मला तेव्हा माहीत नव्हते. नंतर मी शाळेतली मोजपट्टी नेऊन मोजले. आपल्या घरातली पायरी सहा-सात इंच उंच आणि दहा-अकरा इंच खोल असते. पावलाला ती इतकी सवयीची असते की आपण जिना बघून चढत नाही. माझं पाऊल साडेनऊ इंचांचं. म्हणजे प्रत्येक पायरीवर अडीच इंच मी हवेत. पायऱ्या अशा उभ्या का, तर रंगमंचाची खोली कमी होती आणि माडी मात्र सहा फुटांवरच हवी होती. आठ नव्वे बहात्तर, हिशेब बरोबर जुळला. कठडा का नाही, हे मी विचारलं. "कठडा लावला की रेषा तुटते मॅडम," तो म्हणाला. मी मराठी शिकवते. रेषा तुटते म्हणजे काय ते मला कळलं. माझं काय तुटेल याचा विचार मात्र प्रयोगाच्या दिवशी आला.

आता जालन्यात सेट लोखंडाचा का होतो, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. 'जालना सोने का पालना' असं जुने लोक म्हणत. आत्ताचं जालना सळयांचं आणि बियाण्यांचं. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया ओढणारे कारखाने आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूला वेल्डिंगची दुकानं. दुसऱ्या गावात सेट बांबू, लाकूड, प्लायवुडचा करतात. आमच्याकडे अँगल आणि पाइप सहज मिळतो, ओळखीत उधारीवरही मिळतो. म्हणून आमचे सेट वजनदार. फक्त फोटोत हलके दिसतात.

तर मी आणि नेपथ्यकार वेल्डिंगच्या दुकानात गेलो. मी गेले कारण पैसे माझ्याकडे होते. वेल्डिंगवाल्याने कागद उलटसुलट करून पाहिला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "मॅडम, यावर माणूस चढणार हाय का, निस्तं दाखवायला हाय?"

महिनाभर तालमी चालल्या होत्या. दिग्दर्शक, प्रकाशयोजनेचा मुलगा, संगीतवाला, आम्ही अकरा नट, कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. तो विचारला नाटक कधीही न पाहिलेल्या माणसाने. "एकच सीन आहे चढायचा," नेपथ्यकार म्हणाला. "मंग खालून एक आडवं टाकतो," तो म्हणाला आणि त्याने जिन्याच्या पोटात एक जादा पट्टी मारली. तिचे पैसे घेतले नाहीत.

तालमी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात होत. जिना तिथे खडूच्या आठ रेघांचा होता. मी रोज रेघा ओलांडून माडीवर जायचे, रागाने जायचे, एका दमात वाक्य टाकून जायचे. खडूच्या रेघेवरून कुणी पडत नाही. प्रयोग दुसऱ्या गावी होता. नाट्यगृह दुपारी बाराला ताब्यात मिळालं. सेट 'छोटा हत्ती' टेम्पोत आला. जिना बाजूच्या दारातून आत जाईना, म्हणून तिथला वेल्डर शोधून तो कापला, आत नेला आणि पुन्हा जोडला. साडेपाचपर्यंत रंगाचा हात चालू. मी पहिल्यांदा खऱ्या जिन्यावर पाय ठेवला तेव्हा सहा चाळीस झाले होते आणि प्रेक्षक बाहेर चहा पीत होते. तालमीत एका दमात म्हटलेलं वाक्य त्या पायऱ्यांवर तीन तुकड्यांत निघालं. माझी सगळी अक्कल पायांत उतरली होती. तोंडासाठी काही उरलं नव्हतं.

नट बिघडतो म्हणजे काय होतं, ते हेच. पडणं ही फार पुढची गोष्ट. आधी वाक्य बिघडतं. ज्या क्षणी मला सुनेकडे बघायचं होतं, त्या क्षणी मी पायरी बघत होते. माझं सगळं म्हातारपण, महिनाभर बसवलेला सगळा राग, त्या सात इंचांत बसेना.

आणि मग पडलेही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ब्लॅकआऊटमध्ये उतरताना, खालून दुसऱ्या पायरीवर. फार नाही, घोटा मुरगळला. तिसरा अंक मी लंगडत केला. प्रयोगानंतर एक परीक्षक भेटले. म्हणाले, "म्हातारीचं शेवटी शेवटी लंगडत जाणं, ते फार छान पकडलंत तुम्ही. शरीराचा अभ्यास दिसतो." मी नमस्कार केला. निकाल लागला तेव्हा नेपथ्याचं पहिलं बक्षीस आमच्या वाड्याला होतं. टाळ्या वाजवताना मी एका पायावर उभी होते.

ही एका नाटकाची तक्रार असती तर मी ती घरीच केली असती. पण सव्वीस वर्षांत मी अशा किती सेटांत राहिले! एका रहस्यनाटकात दार आत, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला उघडायचं, आणि बिजागरी अशा बाजूला की दार उघडलं की आत येणारा इन्स्पेक्टर दाराआड. त्याचं पहिलं वाक्य प्रेक्षकांनी ऐकलं, माणूस नंतर पाहिला. त्याच दारावर लाथ बसली की पूर्ण भिंत हलायची, भिंतीवरचा आजोबांचा फोटो हलायचा, आणि खुनाच्या प्रवेशात प्रेक्षक हसायचे. दुसऱ्या प्रयोगाला दिग्दर्शकाने उपाय केला. पहिल्या अंकात माझं काम नव्हतं, म्हणून मी मागून भिंत धरून उभी राहिले, चाळीस मिनिटं. कार्यक्रमपत्रिकेत त्या भूमिकेचा उल्लेख नाही. आणखी एका नाटकात मनाचा तोल गेलेल्या माणसाचं घर म्हणून सगळी लेव्हल तिरकी केली होती. कल्पना चांगली. पण खुर्ची त्यावर टिकेना, म्हणून नायक पूर्ण नाटकभर एक पाय खुर्चीला अडवून बसला. तोल त्याच्या मनाचा जायचा होता. गेला मांडीच्या स्नायूचा.

गावोगावच्या प्रयोगांचं तर विचारूच नका. तीस फुटांच्या रंगमंचासाठी आखलेला सेट मंगल कार्यालयाच्या वीस फुटी स्टेजवर उभा करायचा म्हणजे सोफा आणि तुळशीवृंदावन यांच्यात हातभर जागा. त्यातून दोन माणसं एका वेळी जाऊ शकत नाहीत. भांडणाच्या प्रवेशात एकाने आधी दुसऱ्याला वाट द्यायची आणि मग शिवी. आणि मध्येच वीज गेली तर? आमच्याकडे हा 'तर' नसतो, 'कधी' असतो. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात सहा फुटांवर उभं राहून पाहा. त्या अर्ध्या मिनिटात मी सगळे देव आठवते, आणि राजूरचा गणपती दोनदा.

या सगळ्यावर एक ठरलेलं उत्तर असतं : नटाने जुळवून घ्यायला शिकावं, कला म्हणजे जोखीम. जोखमीला माझी ना नाही. लहानपणी आमच्या गल्लीत डोंबारी यायचे. पोरगी दोरीवर चालायची आणि आम्ही श्वास धरून बसायचो. पण ती दोरी तिच्या बापाने बांधलेली असायची, आणि ती रोज त्याच दोरीवर चालायची. दुसऱ्याने, दुसऱ्या गावी, चित्र बघून बांधलेल्या दोरीवर दुपारी आणून तिला उभं केलं असतं, तर ती चालली असती का?

आमच्याच परंपरेत याचा विचार पूर्वी नव्हता असंही नाही. 'नेपथ्य' हा शब्दच पाहा. भरताच्या नाट्यशास्त्रात नेपथ्यगृह म्हणजे रंगमंचामागची खोली, जिथे नट वेश चढवतात आणि जिथून दोन दारांनी रंगमंचावर येतात. संस्कृत नाटकांत पडद्याआडून आवाज येतो तिथे 'नेपथ्ये' असं लिहिलेलं असतं. म्हणजे हा शब्द मुळात नटाच्या घराचा. पुढे तो पडद्याआडून पुढे आला, रंगमंच व्यापून बसला, आणि नट त्यात पाहुणा झाला. आहार्य अभिनयाविषयी लिहिताना भरताने एक गोष्ट सांगितली आहे, ती मला फार आवडते : नटाला जड दागिने घालू नयेत. जड दागिन्यांनी तो दमतो, घाम येतो, मूर्च्छाही येते. म्हणून लाखेचे, पातळ पत्र्याचे हलके दागिने करावेत. शस्त्रंही हलक्या वस्तूंची करावीत. त्या जुन्या ग्रंथात राजाचा मुकुट प्रेक्षकांना कसा दिसेल यासोबत तो डोक्यावर किती जड होईल याचीही काळजी आहे. आणि आमच्या जिन्याला कठडा नव्हता.

मराठी रंगभूमीवर सेट आला तोच मुळी नटाच्या सोयीसाठी. त्याआधी रंगवलेले पडदे असत : राजवाडा, जंगल, रस्ता. पडद्यावरच्या दारातून कुणी येत नसे, चित्रातल्या खुर्चीत कुणी बसत नसे. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केलं तेव्हा तीन भिंतींची खरी खोली उभी राहिली, खरी दारं आली, बसायला खरं सामान आलं. नटाला टेकायला जागा मिळाली. हात कुठे ठेवायचे हा जुना प्रश्न निम्मा सुटला असेल. अवजड यंत्रणेलाही माझा विरोध नाही. अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'ला १९६२ मध्ये मो. ग. रांगणेकरांनी फिरता रंगमंच आणला. कोर्टात साक्ष चालू आहे आणि साक्षीतली हकीकत लगेच डोळ्यांपुढे उभी राहते, लखोबा लोखंडे एका वेशातून दुसऱ्या वेशात जातो. हे सगळं थांबत थांबत झालं असतं तर नाटकच मेलं असतं. तो रंगमंच गोल फिरायचा तो प्रभाकर पणशीकरांसाठी. आणि दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, जब्बार पटेलांनी 'घाशीराम कोतवाल' केलं तेव्हा भिंतच माणसांची झाली. ब्राह्मणांची ओळ पाठ फिरवून उभी राहिली की भिंत, वळली की पुणं. त्या भिंतीला मागून धरायला कुणी लागलं नाही.

थाटमाटाचीही मला अडचण नाही. आमच्या जालन्याच्या नाट्यगृहाला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव आहे. ते ज्या गंधर्व नाटक मंडळीत गायले, तिथला मखमली पडद्यांचा, गालिच्यांचा, अत्तराचा थाट आजही लोक सांगतात. त्या थाटापायी मंडळी कर्जात गेली, हेही सांगतात. पण गाणाऱ्याला त्याचा जाच झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही. गालिच्यावर बसून गाता येतं.

नेपथ्य विरुद्ध नट हे भांडण आपल्याच गावचं आहे असं मात्र समजू नये. गॉर्डन क्रेग हा इंग्रज नेपथ्यकार फार मोठा. नटापेक्षा मोठी बाहुली बरी, असं लिहून ठेवलेला. १९११-१२ च्या हिवाळ्यात मॉस्कोत स्तानिस्लाव्हस्कीच्या नाट्यगृहात त्याने 'हॅम्लेट'साठी उंचच उंच पडदेवजा भिंती केल्या. त्या प्रेक्षकांसमोर सरकणार, आकार बदलत राहणार, मध्ये पडदा पडायचाच नाही, अशी कल्पना. स्तानिस्लाव्हस्कीने आत्मचरित्रात लिहिलंय की पहिल्या प्रयोगाला जेमतेम तास उरला असताना त्या भिंती एकामागून एक पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या, आणि शेवटी दर्शनी पडदा पाडूनच प्रवेश बदलावे लागले. क्रेगने पुढे ही हकीकत नाकारली. मला मात्र ती वाचताना रंगमंचामागचे कामगार दिसतात, वर बघत उभे असलेले. शंभर वर्षांनी, २०१० च्या डिसेंबरात, ब्रॉडवेवर 'स्पायडर-मॅन'च्या प्रयोगात एक नट वीस फुटांहून जास्त उंचीवरून खाली पडला. त्याच्या अंगाला दोरी होती. तिचं दुसरं टोक कुठे अडकवलेलंच नव्हतं. कोट्यवधी डॉलरचं नाटक आणि एक आकडा लावायचा राहिला. वाचून मला आमचा वेल्डिंगवाला आठवला.

जालना जिल्ह्याबद्दल बोलताना जांबसमर्थचं नाव घ्यायलाच हवं. रामदास स्वामींचं जन्मगाव म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. मला ते राजकुमार तांगडे यांच्यामुळे जवळचं. त्यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं, संभाजी भगत यांच्या संकल्पनेतून आलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ मध्ये रंगभूमीवर आलं आणि आमच्याकडच्या शेतकरी पोरांनी ते महाराष्ट्रभर नेलं. महाराजांना न्यायला यम येतो, जिरेटोप मागे राहतो, आणि मग तो टोप कुणाच्या डोक्याला बसतो याची शोधाशोध. ते बघून घरी येताना मी नेपथ्य आठवून पाहिलं, आठवेना. डोळ्यांपुढे माणसं येत होती आणि एक जिरेटोप. त्या नटांना रंगमंचावर चालताना खाली बघावं लागत नव्हतं. वावरात चालतात तसे चालत होते.

नेपथ्यकारांवर सगळं ढकलणं बरोबर नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर तो मुलगा माझ्याशी बोलायचा नाही. त्याला आम्ही सेट सांगितला प्रयोगाच्या अठरा दिवस आधी. सांगितलं काय, तर "काहीतरी भव्य कर." पैसे दिले निम्मे, उरलेले बक्षीस लागल्यावर. नाट्यगृह एका दिवसाचं. तालमीला तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा दिग्दर्शकाने त्याला बाजूला बसवून चहा दिला. त्याने माझं काम पाहिलं ते व्हरांड्यात, सलवार-कमीजमध्ये. मी नऊवारीत चढणार हे त्याला कळलं ते माझ्यासोबतच, सहा चाळीसला. दिग्दर्शकांना भव्य हवं असतं कारण परीक्षकांना भव्य आवडतं असा त्यांचा समज आहे, आणि निकाल पाहता तो समज चुकीचा म्हणवत नाही. वर्तमानपत्रांचाही यात हात आहे, या वर्तमानपत्राचाही. हौशी नाटकाच्या बातमीत नेपथ्याला एकच वाक्य येतं : 'नेपथ्य नेत्रदीपक.' नेत्र प्रेक्षकांचे. 'नेपथ्य चालायला सोयीचं' असं कुणी कधी छापलंय?

माझं मागणं फार नाही. सेट पूर्ण आठ दिवस आधी द्या, असं मी म्हणणार नाही. ते आम्हाला परवडत नाही, मला हिशेब माहीत आहे. पण नट ज्यावर चढणार तो जिना आणि ज्यातून तो येणार ते दार, एवढं तरी कच्चं का होईना, आठ दिवस आधी व्हरांड्यात आणा. रंग नंतर द्या. कमानी नंतर लावा. पहिल्या दिवशी त्यावर नेपथ्यकाराने स्वतः चढावं, आणि नाटकात नऊवारी असेल तर नऊवारी नेसून. आम्ही नेसवून देऊ. माडी केली की मागून उतरायला शिडी करा. ती दिसत नाही, तिला बक्षीस नाही, ती करा. काळोखात पायरीची कड दिसावी म्हणून चमकती पट्टी लावतात. वीस-तीस रुपयांत काम होतं. कठड्याने रेषा तुटत असेल तर काळ्या रंगाची एक सळई लावा. जालन्यात आहोत आपण, सळई मागायला लाज कसली.

आणि परीक्षकांना एक विनंती. प्रयोग संपला की तुम्ही अभिनयाबद्दल बोलायला ग्रीनरूममध्ये येता. त्याआधी, सेट उतरवायला घ्यायच्या आत, पाच मिनिटं रंगमंचावर या. दिवे मालवायला सांगा आणि जिन्यावरून खाली उतरा. दार उघडून आत या. खुर्चीत बसा, उठा. फ्लॅटला हात लावून पाहा. मग नेपथ्याचे गुण टाका. अर्ध्या गावांत निकाल बदलेल, असं मी पैजेवर सांगते. एखाद्या परीक्षकांचा घोटा मुरगळला तर आम्ही त्यांच्या शरीराच्या अभ्यासाचं कौतुक करू.

आमच्या वाड्याचं पुढे काय झालं? अंतिम फेरीला आम्ही गेलो नाही. कमानी एका गणेश मंडळाने नेल्या. फ्लॅटचं कापड कुणी नेलं आठवत नाही. जिना आणि माडीचा सांगाडा शाळेच्या मागे आठ महिने पडून होता. पोरं मधल्या सुट्टीत त्यावर चढायची आणि मी ओरडायचे. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, बाई, ते काढा. मी भंगारवाल्याला बोलावलं. जालन्यात लोखंडाचा शेवट कुठे होतो ते ठरलेलंच आहे : भट्टीत जातं आणि सळई होऊन येतं. या जिन्याचीही झाली असेल, आणि कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये असेल आता.

भंगारवाल्याने जिना आधी हलवून पाहिला, मग त्यावर एक पाय देऊन पाहिला. पोटातली ती जादा पट्टी त्याच्या लगेच लक्षात आली.

"ताई, चांगला मजबूत हाय की. इकता कामून? वर काय व्हतं याच्या?"

"मी होते," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे, आणि काटा आणायला गेला. एकशे चाळीस किलो भरला.